एक सीट, एक माणूस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथे बोलायला उभं केलं, याचंच आधी नवल वाटतं. शाळेत असताना मी या स्टेजवर दोनदाच चढलो. एकदा पडदा ओढायला आणि एकदा माइकची तुटलेली वायर जोडायला. गणिताचे सर समोर बसले आहेत. त्यांना आठवत असेल, पाढे म्हणायला उभं केलं की मी खिडकीतून बाहेर बघायचो. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की माझे पाढे तिथेच थांबायचे. सर एकदा वैतागून म्हणाले, "जा, त्याच्याच मागे जा!" सर, मी गेलो. नगावबारीच्या पुढे माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्याला आता पंचवीस वर्षं झाली.

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, दोघं-तिघं परदेशातून आले आहेत. संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या कामातून शिकलेली एक गोष्ट सांगायची, पंधरा मिनिटांत. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच आहे: लहान मुलाला ट्रॅक्टरवर बसवू नका आणि चालू यंत्राजवळ येऊ देऊ नका. हे वाक्य भिंतीवर रंगवल्यासारखं वाटतं, मला माहीत आहे. मीही असली वाक्यं वाचून पुढे जात होतो. म्हणून मी हे कसं शिकलो, ते सांगतो.

आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात. शेती मोठा भाऊ करतो. दादाने ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्याचा मुलगा सात-आठ वर्षांचा होता. पोराला ट्रॅक्टरचं भलतंच वेड. शाळेतून आला की दप्तर ओट्यावर टाकून शेतात पळायचा आणि बापाशेजारी मडगार्डवर बसायचा. मला वाटलं, पोरगं असं नुसतं पत्र्यावर बसतं, घसरेल. काका मेकॅनिक, मग काय! दिवाळीला गेलो तेव्हा सोबत पाइप आणि एक फळी घेऊन गेलो. मडगार्डला वेल्डिंग करून छान बैठक बसवली, हाताला धरायला दांडी लावली, वर रेक्झिनची गादी शिवून घातली. घरातले सगळे खूश. पोरगा तर त्या दिवशी जेवायलाही खाली उतरेना.

दीड वर्षाने पेरणीआधी, रोटाव्हेटर मारताना, दादा एका शेतातून दुसऱ्या शेतात जात होता. बांधावर पुढचं चाक चढलं, ट्रॅक्टर हिसका देऊन खाली आला. मी लावलेली दांडी जागेवर होती, वेल्डिंगला तडासुद्धा गेला नव्हता. पोराचा हात सुटला. मडगार्डवरून पडलेलं माणूस मागच्या चाकाच्या पुढ्यातच पडतं, दुसरीकडे पडायला जागाच नसते. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आज तो कॉलेजात शिकतो. जयपूर फूट लावून मोटारसायकल चालवतो. इथे येण्याआधी मी त्याला विचारलं, तुझी गोष्ट सांगू का? तो म्हणाला, "सांगा काका. नाव घेऊ नका. आणि बैठक तुम्ही लावली होती, हे गाळू नका." दादाने मला आजपर्यंत एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या आधी गॅरेजमध्ये मी अशा बैठका किती लावल्या होत्या, त्याचा हिशोब नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं, पोरासाठी काहीतरी सोय करून दे, की मी करून द्यायचो, वर चहाही प्यायचो. नंतर वहीतले जुने फोन नंबर काढले आणि एकेकाला शोधलं. चौदा सापडल्या. चौदाही कापून आणल्या. दोघांनी भांडण काढलं. एक आजोबा म्हणाले, "माझ्या नातवाची जागा कापतोस?" मी म्हटलं, "हो बाबा, तीच कापतो."

तेव्हापासून मी एका गोष्टीचा विचार करतो. आपण मुलांवर जीव टाकणारी माणसं. मग हे होतं कसं? मला सापडलेलं उत्तर असं, की आपण बैलगाडीच्या सवयी ट्रॅक्टरवर घेऊन आलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी हे केलं असेल. बैलगाडीच्या मागे लोंबकळणं, चालत्या गाडीत उडी मारून चढणं, वखरावर वजन म्हणून बसणं. आजोबा म्हणायचे, "ये भो, बठ, काही नही व्हत." आणि बहुतेक वेळा खरंच काही व्हायचं नाही. गाडी माणसाच्या चालीने जायची. बैलाला डोळे होते, कान होते. पायाजवळ पोर आलं की तो बिचकायचा, थांबायचा. हो म्हटलं की उभा राहायचा. बैलाकडूनही अपघात व्हायचे, पण निदान तिथे दोन जीव सावध असायचे, धुरकरी आणि बैल.

ट्रॅक्टरमध्ये सावध असलेला जीव एकच असतो, तोही उंचावर बसलेला, इंजिनाच्या आवाजात, अर्धं लक्ष मागच्या अवजाराकडे. पोळ्याला आपण बैलांबरोबर ट्रॅक्टरचीही पूजा करतो, त्याला झूल घालतो, हार घालतो. जरूर करा. पण तो बैल नाही. त्याला पोर कळत नाही.

आता माझ्या धंद्यातले चार आकडे सांगतो. सर, यातले गुणाकार बरोबर आहेत, तपासून घेतले आहेत.

पहिला आकडा चाकाचा. आपल्याकडच्या साधारण ट्रॅक्टरचं मागचं चाक सव्वाचार फुटांच्या आसपास उंच असतं. पाच वर्षांचं मूल साडेतीन फुटांचं. म्हणजे चाकामागे उभं राहिलेलं पोर पूर्ण झाकलं जातं. मागे ट्रॉली असेल तर फाळक्यामागचं काहीच दिसत नाही.

दुसरा आकडा वेगाचा. ताशी पाच किलोमीटर म्हणजे आपली चालण्याची गती. त्या गतीने ट्रॅक्टर सेकंदाला जवळजवळ दीड मीटर जातो. मडगार्डवरून पडलेलं मूल चाकापासून वीतभरावर असतं. बापाने बघितलं, क्लच दाबला, ब्रेक दाबला, यात एक सेकंद जातो. हळू चालवतो म्हणून काही होणार नाही, असं म्हणणाऱ्याने हा हिशोब करावा.

तिसरा आकडा पीटीओचा. ट्रॅक्टरच्या मागून जो फिरता दांडा निघतो आणि थ्रेशर किंवा रोटाव्हेटरला जोर देतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. सेकंदाला नऊ. दांड्याचा घेर वीस-बावीस सेंटिमीटर धरला, तर एका सेकंदात दोन मीटरच्या आसपास कापड त्यावर गुंडाळलं जातं. ओढणी, पदर, शर्टाची बाही, उपरण्याचं टोक. ओरडायलाही वेळ मिळत नाही. कंपनी या दांड्यावर प्लॅस्टिकचं आवरण देते. ते तुटलं, अडकलं, ग्रीस भरताना आडवं आलं, की आपण काढून टाकतो. गॅरेजच्या भंगारात अशी आवरणं मी स्वतः फेकलेली आहेत. आता ज्या ट्रॅक्टरला आवरण नाही, त्याचं पीटीओचं काम मी घेत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. जाऊ दे.

चौथा आकडा वजनाचा. ट्रॅक्टर पावणेदोन-दोन टनांचा. उतारावर गिअरमध्ये, हँडब्रेकशिवाय उभा केलेला, आणि वर एकटं बसलेलं पोर. ते खेळता खेळता गिअरचा दांडा ओढतं आणि ट्रॅक्टर चालू न करताही चालू लागतो. आपल्या भागात विहिरी खोल, बऱ्याच विहिरींना कठडा नाही. पुढचं मी सांगत नाही.

ट्रॅक्टरच नाही, कडबा कुट्टीही तशीच. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या गावांत जाऊन या अपघातांचा अभ्यास केला होता. बोटं गमावणाऱ्यांत मुलं होती, आणि कित्येकदा यंत्र कामात नसताना, चाक फिरवून खेळताना ती गेलेली होती. त्यांनी सुचवलेले उपाय महागडे नव्हते. काम नसताना चाक अडकवून ठेवणारी खिटी आणि पात्यांवर झाकण. अशी खिटी मी शंभर-दीडशे रुपयांत बसवून देतो. इथे कोणाच्या गोठ्यात कुट्टी असेल तर उद्याच घेऊन या, पैसे घेणार नाही.

थ्रेशरसाठी तर आपल्या देशात १९८३ सालीच कायदा झाला, धोकादायक यंत्रांचा. पीक आत सारण्याचं तोंड किती लांब हवं आणि त्यातलं किती वरून झाकलेलं हवं, याचं भारतीय मानकही आहे: नव्वद सेंटिमीटर लांब, त्यातले पंचेचाळीस सेंटिमीटर झाकलेले. म्हणजे माणसाचा हात आतल्या दात्यांपर्यंत पोचूच नये. हंगामात गावोगाव फिरणाऱ्या यंत्रांच्या तोंडाला एकदा टेप लावून बघा.

आता जवळचं बोलतो. १७ सप्टेंबर २०२४, अनंत चतुर्दशी. आपल्या धुळ्याला लागूनच असलेल्या चितोड गावात गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरखाली सापडून तीन मुलं गेली. वयं तेरा, सहा आणि तीन. आणखी काही जण जखमी झाले. त्या संध्याकाळी देवपुरातही मिरवणुका चालू होत्या. बातमी आली तेव्हा मी पांझरेच्या काठावर होतो आणि माझ्या समोरून एक ट्रॅक्टर चालला होता. त्याच्या दोन्ही चाकांना चिकटून पोरं नाचत होती. मी त्याआधी तासभर ते बघत होतो. मला त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं. नातवाची जागा कापणारा मी, पण मिरवणुकीतला ट्रॅक्टर मला ट्रॅक्टर वाटला नव्हता, देवाचा रथ वाटला होता.

नंतर वर्षभराने, २ ऑक्टोबर २०२५ला, खंडवा जिल्ह्यात देवी विसर्जनाला निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली तलावात गेली. अकरा जण गेले, त्यात बहुतेक लहान मुलं-मुली. त्याच वर्षी ४ एप्रिलला नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत पडला. सात जणी गेल्या. ट्रॉली ही माल वाहायला केलेली वस्तू आहे. तिला माणसासाठी ना बैठक, ना धरायला काही, ना उलटली तर सुटायला वाट.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. मोटार वाहन कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला रस्त्यावर ट्रॅक्टर चालवता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. ब्रिटनमध्ये तर १९९८च्या नियमांनी शेतकाम चालू असताना तेरा वर्षांखालच्या मुलाला ट्रॅक्टरवर नुसतं बसवायलाही बंदी आहे. पण आपल्या शेताच्या बांधाआड पोलीस येणार नाही. तिथे बापच पोलीस, आणि बाप तर अभिमानाने सांगतो, "आठवीत आहे, पण ट्रॉली कशी मागे घेतो बघा!" पाहुणे टाळ्या वाजवतात. मोबाइल निघतात.

म्हणून मी कायद्याबद्दल फार बोलत नाही. मी सवयींबद्दल बोलतो. पाच सवयी आहेत, पाचांना मिळून एक रुपयासुद्धा लागत नाही.

एक: एक सीट, एक माणूस. कंपनीने सीट एकच दिली आहे, तिचा अर्थ तेवढाच. मांडीवर नाही, मडगार्डवर नाही, मागच्या अवजारावर वजन म्हणून तर नाहीच.

दोन: चालू करण्याआधी ट्रॅक्टरभोवती आणि ट्रॉलीभोवती पायी एक फेरी. खाली वाकून बघायचं. ऊसतोडीला, कापूस वेचायला आलेल्या बाया लेकराला ट्रॉलीच्या सावलीत निजवतात. त्यांचा दोष नाही, उन्हात दुसरी सावली कुठे असते? शेतमालकाने झाडाखाली किंवा कापड बांधून वेगळी सावली करून द्यावी.

तीन: उतरलं की अवजार जमिनीला टेकवायचं, हँडब्रेक लावायचा, किल्ली खिशात. खिळ्याला नाही, खिशात.

चार: पीटीओ फिरत असताना पंधरा-वीस पावलांच्या आत मूल नको. आवरण तुटलं असेल तर काम बंद.

पाच: मिरवणुकीत ट्रॅक्टरभोवती दोरीचं कडं, आणि प्रत्येक चाकाजवळ एक मोठा माणूस, जो नाचणार नाही. चार कार्यकर्ते एवढं देवासाठी करू शकतात. पुढच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळाने हे केलं. पोरांनी थोडी कुरकुर केली, मग दोरीबाहेर नाचली. नाच काही कमी झाला नाही.

शहरात राहणाऱ्या मित्रांना वेगळं सांगतो. तुम्ही सुट्टीत मुलांना, आता काहींच्या नातवंडांना, गावी आणता. पोराने ट्रॅक्टर फक्त चित्रात बघितलेला असतो. गावातला भाऊ कौतुकाने त्याला उचलून वर बसवतो आणि तुम्ही फोटो काढता. भावाला वाईट वाटेल म्हणून तुम्ही नको म्हणत नाही. म्हणत जा. बंद ट्रॅक्टरवर, किल्ली काढून, तुम्ही स्वतः शेजारी उभं राहून फोटो काढा. लगेच खाली उतरवा. भाऊ समजून घेईल. नाही घेतलं तर त्याला माझा नंबर द्या.

आता शाळेकडे एक मागणं आहे. गेल्या वर्षी मी एका खेड्यातल्या शाळेत एक प्रयोग केला. मैदानात ट्रॅक्टर-ट्रॉली उभी केली. मुलांना लांब बसवलं आणि त्यांची वीस दप्तरं ट्रॅक्टरच्या भोवती, चाकांजवळ, ट्रॉलीमागे मांडली. मग एका पालकाला सीटवर बसवलं आणि विचारलं, किती दिसतात? रोज ट्रॅक्टर चालवणारा माणूस. त्याने मान वळवून वळवून मोजली. अकरा. खाली उतरून त्याने बाकीची नऊ बघितली, तेव्हा ट्रॉलीमागच्या एका दप्तरापाशी तो थांबला. ते त्याच्या मुलीचं होतं. मी भाषण करणार होतो, ते केलं नाही. गरज राहिली नव्हती.

आपली शाळा देवपुरातली, पण इथे आजूबाजूच्या खेड्यांतून बसने, सायकलने येणारी मुलं आपल्या वेळी होती, आजही आहेत. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, वर्षातून एक शनिवार मला द्या. ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं, दप्तरं मुलांची. फक्त मुलांना नको, पालकांनाही बोलवा. मुलगा ऐकून घरी सांगेल, पण सीटवर बाप बसतो. नऊ दप्तरं त्याने स्वतः बघायला हवीत.

माझे पंधरा मिनिटं संपली. आपण इतक्या वर्षांनी भेटलो आहोत, जेवणाआधी असं काही बोलायचं माझ्या मनात नव्हतं. पण पुतण्याने मघाशी फोन करून विचारलं, "काका, बोललात का?" त्याला हो म्हणून सांगायचं आहे.

बाहेर मैदानात माझा ट्रॅक्टर ट्रॉलीसह उभा आहे. हँडब्रेक लावलेला आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. जेवायला जाण्याआधी ज्यांना वाटेल त्यांनी या, सीटवर बसा आणि मागे काय दिसत नाही ते बघा. गणिताच्या सरांना पहिला मान. रांगेने या, सगळ्यांना बसायला मिळेल.

पण एका वेळी एकच.